‘रेडिओ दुपार’ हे नाव कोणाचं?

नावं ठेवणारी माणसं आमच्या गल्लीत पुष्कळ होती. पण सोनबाजी ठेवत ती खरीखुरी नावं. स्क्रू पिळायच्या पेचकसाचं नाव भास्कर, सायकलचं नाव हिरामण, बसायच्या लाकडी स्टुलाचं नाव गंगाधर. प्रत्येक वस्तूवर डिंकानं कागदाची चिठ्ठी लावलेली आणि चिठ्ठीवर शाईनं नाव. एकदा शेजारच्या घरी बारसं झालं आणि मुलाचं नाव गंगाधर ठेवलं. सोनबाजी पेढे घेऊन गेले, बाळाला पाहिलं, आणि बापाला बाजूला घेऊन म्हणाले, “नाव चांगलं हाय. पण ते माझ्या इथं पयलेपासून चालू हाय गा.” बाप बिचारा काय बोलणार? मग सोनबाजींनीच खिशातून कागद काढला. हे नाव मुलाला वापरू देण्यास माझी काही हरकत नाही, स्टुलाचे नाव मी बदलून घेतो, असं त्यावर लिहिलेलं होतं. खाली सही, तारखेसकट.

आम्ही नागपुरात पाचपावलीच्या रेल्वे फाटकाजवळ राहायचो. ही सत्तरच्या आसपासची गोष्ट. सोनबाजी रेडिओ दुरुस्त करत. घराची पुढची खोली म्हणजे दुकान, मागची खोली म्हणजे घर, आणि दोन्हींत मिळून ते एकटे. वय पंचेचाळीसच्या पुढे, छाती आत गेलेली, आवाज मात्र असा खणखणीत की गल्लीच्या टोकाला ऐकू यावा. सतत बोलत. गिऱ्हाईक नसलं तर उघड्या रेडिओशी बोलत. एवढं का बोलता, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “एक साल चूप बसलो होतो बाबू. ते भरून काढून राहिलो.”

मला वाटलं, गंमत करताहेत.

नावाचं वेड मात्र त्यांनी मला एकदा नीट समजावून सांगितलं. “माझ्या बापाले गावात कोनी पुऱ्या नावानं हाक नाही मारली. अर्धंच नाव, तेही तोडून. दीक्षा घेतल्यावर बापानं पयलं काम काय केलं, तर तलाठ्याकडं जाऊन आपलं पूर्ण नाव लिहून आनलं. नाव लिहून घ्याव लागते बाबू. नाही तं लोक वाटेल तसं वापरतात.”

त्यानंतर त्या चिठ्ठ्यांना मी हसलो नाही. निदान त्यांच्यासमोर तरी नाही.

त्यांच्या सगळ्या नावांत मोठं नाव होतं ‘रेडिओ दुपार’. दुपारी सरकारी केंद्र थोडा वेळ बंद असायचं. त्या वेळात अडीचच्या सुमाराला, काट्याच्या एका ठरावीक जागी, आमच्या गल्लीतल्या रेडिओंवर सोनबाजींचा आवाज यायचा. मागच्या खोलीत त्यांनी स्वतः जोडलेलं एक छोटं यंत्र होतं. चार गल्ल्या ओलांडल्या की ते ऐकू येत नसे. “हे रेडिओ दुपार आहे,” एवढं एक वाक्य ते पुस्तकी मराठीत म्हणत आणि मग आपल्या भाषेवर येत. नळ किती वाजता येणार, फाटकाजवळ कोणाची छत्री सापडली, कोणतं कुत्रं चावरं झालं. शेवटी एक रेकॉर्ड आणि रजा. बायका दारं-खिडक्यांना लावलेल्या खसच्या ताट्यांवर पाणी मारता मारता ऐकत. यंत्राला लायसन नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

मी तेव्हा महाल भागात एका वकीलसाहेबांकडे टायपिस्ट होतो. साहेबांचं काम मुख्यतः बिडीवाल्यांच्या लेबलांचं. एकाच्या बंडलावर तीन पोपट, दुसऱ्यानं छापले चार, की झाला दावा. माझी नोकरी अशी आहे हे कळल्यावर सोनबाजी स्वच्छ धोतर नेसून ऑफिसात हजर झाले. त्यांना ‘रेडिओ दुपार’ हे नाव सरकारदरबारी स्वतःच्या नावावर करून हवं होतं.

“नाव मालाला लागतं,” साहेब म्हणाले. “तुमचा माल कोणता?”

“आवाज.”

“तो पोत्यात भरून विकता येतो का?”

“नाही जी. तसाच सोडून देतो.”

“लायसन आहे?”

“त्याच्याचसाठी तं आलो.”

“नावाचं नव्हे हो, यंत्राचं!”

सोनबाजी वर पंख्याकडे बघू लागले. साहेब म्हणाले, “मग तुम्ही कराल तो अर्ज नसेल, कबुलीजबाब असेल. घरी जा. आणि तसंही, कायदा आधी एकच विचारतो: हे नाव पहिल्यांदा कोणी वापरलं?”

सोनबाजींनी हातातली चहाची कपबशी खाली ठेवली. मग त्यांनी विचारलं, “पयले दुसरं कोनी वापरत असंल, आन् ते मानूस मेलं असंल, तर?”

“वारस असतात.”

“वारस नसंल तर?”

“मग भांडायला येणार कोण?”

“हव,” सोनबाजी म्हणाले, आणि चहा अर्धा टाकून निघून गेले.

त्याच वर्षी मे महिन्यात ते सुरू झालं.

नागपूरची मे महिन्यातली दुपार ज्यानं पाहिली नाही त्याला सांगून समजत नाही. दोन वाजता रस्त्यावर एक माणूस दिसत नाही. दारं बंद, खिडक्या बंद, कुत्री नालीत. पांढरं ऊन भिंतींवर उभं असतं आणि आपल्याच गल्लीत आपण परके वाटतो. अशा दुपारी सोनबाजींनी नेहमीप्रमाणे रजा घेतली. कोर्टाला सुट्टी असल्यानं मी घरीच होतो. रेडिओ बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात काट्याच्या त्याच जागेवरून एका बाईचा आवाज आला. बारीक, सपाट, कुजबुजल्यासारखा.

“हे रेडिओ दुपार आहे. खाट नंबर चार, ताप उतरला. खाट नंबर नऊ, जेवली नाही. खाट नंबर सात, रिकामी.” मग थोडी खरखर. “भिंतीपलीकडचे, आहात का?”

आणि शांतता. बंद दारांआडून घरोघरच्या रेडिओंतून तो एकच आवाज एकदम आला होता, त्यामुळे गल्लीच बोलल्यासारखं वाटलं. माझ्या आईनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि मागची खिडकी लावून घेतली. मागच्या खिडकीपलीकडे भिंतच होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. संध्याकाळी नळावर बायकांनी त्याचा अर्थ लावला. खाट म्हणजे घर! घर नंबर नऊमधल्या काकूंची त्या दिवशी चतुर्थी होती, त्या खरंच जेवल्या नव्हत्या. मग घर नंबर सात? सातमध्ये पांडुरंगजी नावाचे निवृत्त मास्तर राहत. भुताखेतांवर विश्वास ठेवू नका, असं ते आयुष्यभर पोरांना शिकवत आले होते. त्यांनी त्याच संध्याकाळी आपली खाट उचलून घर नंबर आठच्या ओट्यावर नेली. उकडतं म्हणून, असं म्हणाले.

सगळे हसले, पण सातसमोरून जाताना पावलं भराभर उचलू लागले.

आणि सोनबाजी? मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते गंगाधरवर, म्हणजे आता नाव बदललेल्या स्टुलावर, भिंतीला पाठ टेकून बसले होते. दुकान उघडं, पण हातात काम नाही. चेहरा राखेसारखा.

“चोरी झाली बाबू,” ते म्हणाले. “माझ्या नावाची चोरी. नोटीस काढा.”

“कोणाच्या नावानं काढू?”

“अज्ञात इसम लिहा.” मग खाली बघत, “आन् लिहा, जिवंत असो वा मयत.”

“मयताला नोटीस? साहेब मला हाकलून देतील.”

“तुमाले लिहा म्हनलं तं लिहा गा!” ते एकदम ओरडले. ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. 

मी नोटीस टाइप केली. ‘रेडिओ दुपार’ हे नाव आमचे अशील गेली दहा वर्षे वापरीत असून, अज्ञात इसमाने, जिवंत असो वा मयत, सात दिवसांत त्याचा वापर बंद करावा, वगैरे. पत्ता नसल्यामुळे ती पाठवायची कुठे हा प्रश्न होता. सोनबाजींनी तो सोडवला. दुसऱ्या दिवशी अडीच वाजता त्यांनी नळाची वेळ सांगितली नाही की छत्री सांगितली नाही. नुसती नोटीस वाचली, पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. वाचून झाल्यावर त्यांनी यंत्र बंद केलं आणि शेजारचा रेडिओ लावला.

बराच वेळ काही नाही. नुसती खरखर. मग ती बाई म्हणाली, “सात दिवस कशाला? सात दिवसांत पुष्कळ खाटा रिकाम्या होतात.” आणि जरा थांबून, “नाव माझं आहे. तुम्हाला ते कोणी दिलं?”

सोनबाजींनी डोळे मिटून घेतले. 

त्यानंतर तीन दिवस ‘रेडिओ दुपार’वर सोनबाजी बोललेच नाहीत. ती मात्र रोज बोलायची. चौथ्या दिवशी सव्वादोन वाजता ते माझ्या दारात उभे राहिले. डोक्याला ओला दुपट्टा, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा, खांद्याला ट्रान्झिस्टर. “चाला,” ते म्हणाले. “मी एकटा नाही जात.”

ट्रान्झिस्टर घेऊन केंद्र शोधता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. आवाज येत असताना तो हळूहळू फिरवायचा. एका दिशेला आवाज एकदम बसतो. त्या रेषेवर केंद्र असतं. आम्ही सायकली हातात धरून चालत होतो आणि सोनबाजी दर चौकात थांबून ट्रान्झिस्टर फिरवत होते. आम्हाला शोधता यावं म्हणून की काय, ती त्या दिवशी जास्त वेळ बोलत होती. खाट नंबर अकरा, पत्र आलं. खाट नंबर दोन, रडली. रस्त्यावर आमच्याशिवाय कोणी नव्हतं, आणि त्या आवाजाशिवाय दुसरा आवाज नव्हता. फाटक ओलांडलं, रुळांपलीकडची नवी चाळ आली, आणि आवाज वाढत वाढत असा झाला की ट्रान्झिस्टर थरथरायला लागला.

चाळीच्या माडीवर शेवटची खोली. जिना चढून गेलो तेव्हा तो आवाज दोनदा ऐकू येत होता, एकदा ट्रान्झिस्टरमधून आणि एकदा दाराआडून.  मी म्हणालो, “सोनबाजी, परत जाऊ.”

त्यांनी ऐकलं नाही. त्यांनी दार ठोठावलंही नाही. दाराशेजारच्या भिंतीवर बोटाच्या पेरानं तीनदा वाजवलं. सावकाश. टक. टक. टक.

आतला आवाज अर्ध्या शब्दावर थांबला. ट्रान्झिस्टरमधून तिचा श्वास ऐकू येत होता. मग काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि दार उघडलं.

भूत वगैरे काही नव्हतं. चष्मा लावलेली, साधं सुती पातळ नेसलेली, चाळिशीची एक बारीक बाई होती. खोलीत टेबलावर तारा, एक वॉल्व्ह आणि मायक्रोफोन. सोनबाजींकडे बघून ती म्हणाली, “तुम्ही मेला नव्हता?”

सोनबाजींचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. एवढा बोलका माणूस, पण शब्द निघेना. शेवटी तिनंच आम्हाला आत बसवलं, माठातलं पाणी दिलं, आणि मला सगळं सांगितलं, कारण ऐकण्याच्या अवस्थेत मी एकटाच होतो.

तिचं नाव इंदूबाई. माहेर खापा गावचं. मुलींच्या एका कॉलेजात विज्ञानाच्या प्रयोगशाळेत ती कामाला होती, एप्रिलमध्येच या चाळीत राहायला आली होती. दहा-अकरा वर्षांपूर्वी ती क्षयाच्या दवाखान्यात होती. दुपारी दोन ते चार कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही, असा तिथला नियम. ती वेळ जाता जात नसे. मग ही, भिंतीच्या वरच्या झरोक्याकडे तोंड करून, हळू आवाजात बातम्या द्यायची. “हे रेडिओ दुपार आहे.” कोणाचा ताप उतरला, कोण जेवलं नाही, कोणाची खाट रिकामी झाली. शेजारच्या बायका तोंडावर पदर धरून हसायच्या. भिंतीच्या पलीकडे पुरुषांचा वॉर्ड होता. एकदा तिनं सहज विचारलं, “भिंतीपलीकडचे, आहात का?” आणि पलीकडून कोणीतरी तीनदा वाजवलं. मग रोजच विचारायची आणि रोजच वाजायचं.

“ते एक शब्दही कधी बोलले नाहीत,” ती म्हणाली. “फक्त खोकला ऐकू यायचा. फार वाईट खोकला. मला वाटलं, यातून ते वाचणार नाहीत.”

“डॉक्टरनं बोलनं बंद केलं होतं,” सोनबाजी पहिल्यांदा बोलले, पण माझ्याकडे बघून. “एक साल. फुफ्फुसाले आराम पाह्यजे म्हने.”

“मग एक दिवस माझा भाऊ आला आणि मला गावी घेऊन गेला. सांगायलाही मिळालं नाही.”

सोनबाजी माझ्याकडेच बघत म्हणाले, “दोन दिवस आवाज नाही आला. मी पाटीवर लिहून नर्सबाईले विचारलं, पलीकडच्या बाई कुठं हायेत? ते म्हने, ‘ती का? ती गेली.’”

 बाहेर मालगाडीचे डबे एकमेकांवर आपटले.

गेली म्हणजे घरी गेली. नर्सनं सरळ सांगितलं होतं. पण ज्या ठिकाणी रोज खाट रिकामी होते, तिथं त्या शब्दाचा दुसरा अर्थ कोण घेणार? आणि या माणसानं बरं झाल्यावर पहिलं काम काय केलं, तर यंत्र जोडलं आणि त्या नावानं बोलायला लागला. आपलं नाव म्हणून नव्हे. ज्या बाईचा चेहराही पाहिला नाही, तिचं नाव हवेत तरी राहावं म्हणून.

“मी इथं आले, रेडिओ लावला, आणि अनोळखी माणूस माझे शब्द बोलत होता,” इंदूबाई म्हणाल्या. “मला वाटलं, माझा ताप पुन्हा चढला. मग राग आला. हे नाव त्या दवाखान्याबाहेर कोणाला माहीतच नव्हतं. म्हणून त्याच खाटा पुन्हा सांगितल्या. म्हटलं, जो तिथला असेल तो ओळखेल.”

“मी पयल्याच दिवशी ओळखला आवाज,” सोनबाजी मला म्हणाले. “म्हनून तं भेव वाटलं.”

इंदूबाईंनी मला विचारलं, “तुम्ही वकिलाकडे आहात ना? मग कायद्यानं हे नाव कोणाचं?”

मी म्हणालो, “ज्यानं आधी वापरलं त्याचं.”

“त्यायचं हाय,” सोनबाजी घाईनं म्हणाले. “लिहून द्या बाबू त्यायले. माझी हरकत नाही.”

“मी चार महिने बोलले,” त्या म्हणाल्या. “यांनी दहा वर्षं चालवलं. असं नुसतं घेऊन मी काय करू?” मग त्या थेट त्यांच्याकडे वळल्या. “तुम्ही माझ्याशी बोला की. मघापासून यांच्याशीच बोलताय.”

सोनबाजींनी मान वर केली, त्यांच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली. घामानं सदरा भिजला होता.  गल्लीला ऐकू जाणारा तो गळा बंदच झाला. मला ते बघवेना.

इंदूबाईंनी क्षणभर वाट पाहिली. मग त्या उठल्या, आतल्या लहानशा स्वयंपाकघरात गेल्या आणि दार लावून घेतलं. आतून त्यांचा आवाज आला, “आता बोला.”

सोनबाजी उठले. त्या बंद दारापाशी गेले, जमिनीवर मांडी घालून बसले, आणि डोकं भिंतीला टेकवलं. मी माझ्या चपला हातात घेतल्या आणि पाय न वाजवता बाहेर आलो. जिन्यात दोन पायऱ्या उतरलो असेन.

“तुमच्या आवाजात घरघर येऊन राहिली जी,” मागून ते म्हणताना ऐकू आले. “कंडेन्सर बदलाव लागते. मी उद्या घेऊन येतो.”

आतून बाई हसल्या. रेडिओवर त्या कधी हसल्या नव्हत्या. मग सोनबाजी पुढे बोलायला लागले, थांबेचनात, आणि मी उन्हात सायकल धरून उभा राहिलो, घंटी वाजू नये म्हणून तिच्यावर हात ठेवून.